चित्रकलेचे दोन तास जोडून द्या : मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. नोकरीला २२ वर्षं झाली. मी कलाशिक्षिका नाही. डी.एड.ला जेवढी चित्रकला वाट्याला आली तेवढीच माझी शिदोरी. बाकीचं मुलांबरोबर शिकत गेले. खेड्यापाड्यांतल्या आपल्या किती तरी शाळांत चित्रकलेचा तास माझ्यासारख्या वर्गशिक्षकांच्याच हातात असतो, आणि वेळापत्रक तुमच्या हातात असतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

जूनमध्ये नवी सहावी वर्गात येऊन बसते तेव्हा वर्गाचे चित्रकार आधीच ठरलेले असतात. दोन, फार तर तीन मुलं. फलकावरचा सुविचार त्यांनी सजवायचा, तक्ते त्यांनी करायचे, १५ ऑगस्टची रांगोळी त्यांनी काढायची. मी कागद वाटायला लागले की बाकीची मुलं त्यांच्याकडे बोट दाखवतात, "बाई, त्याला द्या. त्याला येतं." हीच बाकीची मुलं पहिली-दुसरीत पानंच्या पानं भरून चित्रं काढत होती. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, आणि घराच्या दुप्पट उंचीची आई. मधल्या चार वर्षांत काय झालं, याचा विचार मी बरीच वर्षं केला नव्हता. काहींच्या हातात कला असते, काहींच्या नसते, असंच मीही धरून चालले होते.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या कलाशिक्षकांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यात साधारण ९ ते १२ हे वय त्यांनी वास्तवाची जाण उमलण्याचं म्हणून वेगळं काढलं आहे. आपल्या वर्गातही ते दिसतं. दुसरीतल्या मुलाची गाय चार काठ्यांवरची पेटी असते आणि तो खूश असतो. सहावीतल्या मुलाला कळतं की ही गाय गायीसारखी नाही. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. त्याला स्वतःच्याच चित्राची लाज वाटायला लागते. आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्यासमोर एकच कसोटी ठेवतो : पेन्सिलीने हुबेहूब काढ आणि रेघेबाहेर न जाता रंग भर. ज्यांना हे जमतं ते दोघं-तिघं पुढे जातात. बाकीचे वही विसरायला लागतात.

माझं मागणं या मुलांसाठी आहे. चित्राकडे जायच्या अनेक वाटा आहेत. ठसेकाम आहे, चिकटकाम आहे, कातरकाम, मातकाम, मेणबत्तीच्या रेघांवरून फिरवलेलं रंगाचं पाणी, ब्रश कंगव्यावर घासून उडवलेले शिंतोडे, कागदाचा लगदा. यातल्या बऱ्याच कामांत हुबेहूबपणाचा प्रश्नच येत नाही. पण यातलं प्रत्येक तंत्र शिकवावं लागतं. साहित्य समोर ठेवून "करा काहीतरी छान" म्हटल्याने ते येत नाही.

ठसेकामाचंच सांगते. पहिल्या वर्षी मी मुलांना भेंडी आणि बटाटे आणायला सांगितले, ताटलीत रंग कालवून दिला, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे कागद चिखल झाले. मुलं हिरमुसली, मीही. दोष मुलांचा नव्हता, मला तंत्र माहीत नव्हतं. भेंडी कापली की तिचा चिकट रस वर येतो, तो फडक्याने टिपून थोडा वेळ सुकू द्यायचा असतो. बटाटा पाणी सोडतो, म्हणून कापलेली बाजू काही मिनिटं कापडावर पालथी ठेवायची असते. ताटलीत नुसता पातळ रंग घेतला तर ठसा घसरतो. ओल्या फडक्याची घडी करून ती ताटलीत ठेवायची आणि तिच्यावर दाट पोस्टर कलर पसरायचा, म्हणजे शिक्क्याच्या पॅडसारखं काम होतं. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या हव्यात. ठसा दाबायचा आणि न हलवता सरळ वर उचलायचा. एवढं कळलं आणि दुसऱ्या वर्षी भेंडीची पाच पाकळ्यांची फुलं स्वच्छ उमटली.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, चित्रकलेची वही कायम विसरणारा. ठसेकामाला वही लागत नव्हती, त्यामुळे त्याला निमित्त उरलं नाही. त्याने अर्ध्या बटाट्यावर एक वाकडा त्रिकोण कोरला, एका बाजूला खाच असलेला. एक ओळ सरळ उमटवली. दुसऱ्या ओळीत एक ठसा चुकून आडवा पडला. तो थांबला. मला वाटलं, आता कागद चुरगाळणार. त्याने ठसा अजून थोडा फिरवून आडव्याच्या शेजारी उमटवला, मग अजून फिरवून तिसरा, मग चौथा. चारही टोकं मधे मिळाली आणि भिंगरीसारखं फूल तयार झालं. "बाई, चुकला म्हणून झालं," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने दोन कागद भरले आणि शेजारणीचा उरलेला अर्धा मागून घेतला. पुढच्या गुरुवारी तो वही घेऊन आला, कारण ठशांचे नवे आकार त्याला आधी पेन्सिलीने आखून बघायचे होते. ज्या पेन्सिलीपासून तो पळत होता, तिच्याकडे तो स्वतःच्या कामासाठी परत आला.

एका अधिकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वा, म्हणजे भूमितीतलं परिवलन शिकवता येईल. येईल, नक्की येईल. पण मला याची जरा काळजी वाटते. चित्रकलेला दरवेळी गणिताच्या किंवा विज्ञानाच्या सोबतीनेच वर्गात येऊ दिलं, तर मुलाला कळतं की ही इथली पाहुणी आहे. त्या मुलाला त्या दिवशी फूल सापडलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

विविध तंत्रं शिकवा म्हटलं की आपल्याकडे दर आठवड्याला नवा उपक्रम सुरू होतो. या शनिवारी धागाचित्र, पुढच्या शनिवारी टाकाऊतून टिकाऊ, त्यापुढे मुखवटे. प्रत्येकाचा फोटो गटावर जातो आणि विषय मिटतो. मीही हे वर्षानुवर्षं केलं आहे. पण एकदाच केलेलं तंत्र मुलाच्या हातात मुरत नाही. पहिल्या दिवशी मूल साहित्याशी झटापट करत असतं, त्याला स्वतःचं काही म्हणायला जागाच नसते. माझ्या अनुभवाने वर्षाला चार तंत्रं भरपूर झाली, प्रत्येकाला चार-पाच आठवडे.

मेणबत्तीचं उदाहरण घ्या. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने रेघा ओढायच्या, त्या दिसत नाहीत. वरून पातळ रंग फिरवला की मेणाच्या जागी रंग धरत नाही आणि रेघा पांढऱ्या उजळतात. पहिल्या दिवशी सगळा वर्ग जादू बघितल्यासारखा ओरडतो, आणि चित्र म्हणावं असं हाती काही लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात कळतं की वहीचं पातळ पान फाटतं, ड्रॉइंग पेपरच हवा, आणि रंग दाट झाला तर तो मेणावरही बसतो. तिसऱ्या आठवड्यात बाहेर जुलैचा पाऊस लागला होता, मी म्हटलं, हाच काढा. सगळ्यांनी तिरप्या रेघा ओढल्या, वरून काळानिळा रंग फिरवला, सगळ्यांचा पाऊस सारखाच आला. चौथ्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने जवळचा पाऊस मेणबत्ती जोरात दाबून काढला आणि लांबचा अगदी हलक्या हाताने. रंग फिरवल्यावर जवळच्या सरी ठळक आल्या आणि मागचा डोंगर धुरकट झाला. लांब आणि जवळ कसं दाखवायचं हे मी तिला शिकवलं नव्हतं. चौथा आठवडा मिळाला म्हणून तिला ते सापडलं.

मातकामाला आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. आषाढात बेंदूर येतो, घरोघर मातीचे बैल पुजले जातात. दिवाळीत याच वयाची मुलं दगड रचतात, त्यावर पोती टाकतात, चिखलाने लिंपतात, बुरूज आणि पायऱ्या काढतात, उतारावर मोहरी आणि अळीव पेरतात. महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यांत मोठं शिल्पकाम तेव्हा चालू असतं आणि शाळेला सुट्टी असते. मला नेहमी वाटतं, त्या किल्ल्यांपुढे जाऊन आपण शिक्षकांनी एकदा शांतपणे बसावं आणि बघावं, मुलं कशी ठरवतात, कुणाचं ऐकतात, ढासळलेला बुरूज कसा परत उभा करतात.

मातीतही तंत्र आहेच. आमच्या गावचे कुंभारमामा दोन वर्षांपूर्वी वर्गात आले. बैलाची शिंगं वाळल्यावर गळून पडतात ही सगळ्यांचीच रड होती. मामांनी एकही वाक्य न बोलता बैलाच्या डोक्यावर आणि शिंगाच्या बुडाला काडीने ओरखडे काढले, मातीचा पातळ घोळ लावला, शिंग दाबून किंचित फिरवलं आणि बोटाने सांधा पुसून टाकला. मग म्हणाले, "आता हे उन्हात ठेवायचं न्हाई, सावलीत." जाड भाग ओला आणि पातळ भाग सुका राहिला की तडा जातो, म्हणून पोट जाड झालं तर आतून माती काढून घ्यायची, हेही त्यांनीच दाखवलं. त्या वर्षीच्या बैलांची शिंगं टिकली. ज्या मुलाचे ते आजोबा लागतात, तो त्या दिवशी बाकावर कसा ताठ बसला होता, ते मी विसरणार नाही.

वारलीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण शाळांच्या भिंतींवर आज सगळ्यांत जास्त तीच दिसते. तपकिरी कार्डशीटवर पांढऱ्या रंगाने दोन त्रिकोणांची माणसं काढली की वारली झाली, असं आपण मुलांना शिकवतो. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्या चौकात पालघट देवी असते. भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवलेली, रंग म्हणजे तांदळाचं पीठ आणि पाणी, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हे चित्र लग्नाच्या विधीचा भाग आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं लग्नाच्या चौकाबाहेर, कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतकं सांगितलं की मुलं काडीने काढायला बसतात आणि त्यांच्या लक्षात येतं की काडी लांब वळणदार रेघ सहज देत नाही, छोटे छोटे फटकारे आणि ठिपके देते. तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचं वेटोळं त्या फटकाऱ्यांतूनच उभं राहतं. साहित्य बदलून हातात जाड ब्रश दिला की ही समज निघून जाते.

त्यानंतर मी वर्गाला विचारलं, त्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहितात, आपल्या घरात काय लिहितात? आधी कुणी बोलेना. मग एकीने नागपंचमीला पाटावर काढलेला नाग सांगितला. दुसरी म्हणाली, आजी चैत्रात अंगणात काहीतरी काढायची. ते चैत्रांगण. आठवडाभर मुलं आज्यांकडून चिन्हं गोळा करत होती : गोपद्म, कासव, चंद्र, सूर्य, स्वस्तिक, तुळस, शंख. एका आजीने रांगोळी हातात न धरता हवेतच बोटांनी सगळं काढून दाखवलं, असं नातू सांगत होता. मुलांनी ती चिन्हं आधी रांगोळीने फरशीवर काढली, मग पुठ्ठ्यात कातरून छिद्रचित्रं केली आणि शिंतोड्यांनी कागदावर उतरवली. कातरताना कासवाच्या पाठीतला मधला तुकडा गळून पडू नये म्हणून दोन बाजूंनी पूल ठेवावे लागतात, हे शोधायला वर्गाला दोन तास लागले. मुलगेही त्यात होते. रांगोळी मुलींनी आणि माती मुलांनी, ही वाटणी वर्गात आपोआप होते. ती शिक्षकाने ठरवून मोडावी लागते.

साहित्याच्या खर्चाबद्दल फार लिहीत नाही. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा अशा पोस्टर कलरच्या पाच मोठ्या बाटल्या वर्गाला पुष्कळ दिवस पुरतात, आणि हिरवा विकत न मिळाल्यामुळे मुलं तो करायला शिकतात. गेरू, हळद, कोळसा गावात मिळतो. हळदीत चिमूटभर चुना मी स्वतः कालवते आणि पिवळ्याचा लाल होताना मुलं बघतात. चिकटवायला खळ शिजवता येते. लगद्याच्या टोपल्यांत आपल्या आज्या मेथी वाटून घालायच्या, म्हणजे चिकटपणाही येतो आणि कीडही लागत नाही. पैशामुळे माझं काम कधी अडलं नाही. अडलं ते वेळेमुळे आणि फरशीमुळे.

तास ३५ मिनिटांचा. १० मिनिटं मांडायला, १० मिनिटं आवरायला आणि हात धुवायला. उरलेल्या १५ मिनिटांत ठसा सुकतसुद्धा नाही. म्हणून मी निरुपायाने पुन्हा "पेन्सिलीने चित्र काढा"वर येते. पूर्वी एका शाळेत फरशीवर रंगाचे डाग राहिले म्हणून मला रंगकाम बंद करायला सांगितलं होतं. मी ते दीड वर्ष बंद ठेवलं. त्या वर्गातली मुलं आता मोठी झाली आहेत. मी तेव्हा वाद घालायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

मूल्यमापनाचंही बोलायला हवं. कलेला लेखी परीक्षा नाही, आकारिक मूल्यमापन आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. शिक्षकाला मुलाकडे नीट बघता यावं म्हणून ही सोय. आणि आपण काय लिहितो? "चित्रात आकर्षक रंग भरतो." "विविध चित्रे आवडीने रेखाटते." तयार नोंदींचे संच फिरतात, आम्ही उतरवून काढतो, तुम्ही सही करता. त्या मुलाच्या नोंदीत मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "चुकून फिरलेल्या ठशातून चार ठशांची भिंगरी शोधली." ती एक ओळ लिहायला मला त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहावं लागलं होतं. एका वर्षात प्रत्येक मुलाची अशी एक जरी ओळ मागितलीत, तरी आमचे तास बदलतील.

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांबद्दल मला आदर आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन या सगळ्यांना शिस्त लागते आणि त्या परीक्षांनी खेड्यातल्या अनेक मुलांना चित्रकलेकडे नेलं आहे. पण त्यांची छाया पाचवी-सहावीवर पडू नये. संकल्पचित्र चांगलं यावं असं वाटत असेल तर सहावीत ठसे भरपूर करू द्या. आणि छापील बाह्यरेषेत रंग भरायच्या स्पर्धा या वयाला तरी बंद करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. दुसऱ्याने काढलेल्या मोरात रंग भरून बारा वर्षांच्या मुलाला काय मिळतं?

कायद्याने आणि धोरणाने वाट दिलेली आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून जास्त मुलं असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलेलं आहे. ज्यांच्या शाळेत ही पटसंख्या आहे त्यांनी ही मागणी दरवर्षी लेखी करत राहावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, आणि स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे मुलांनी शिकावं असं म्हटलं आहे. आमच्या कुंभारमामांना त्या दिवशी गाडीभाडं आणि मानधन माझ्या पर्समधून दिलं. ते शाळेने सन्मानाने, पाकिटात घालून, मुलांसमोर द्यायला हवं होतं.

केंद्रप्रमुख साहेब, तुम्हाला वेगळं सांगणं आहे. शिक्षण परिषदेत आम्ही सादरीकरणं बघतो, टिपणं घेतो. वर्षातली एक परिषद अशी ठेवा की केंद्रातले सगळे शिक्षक जमिनीवर बसून दोन तास बटाटे कोरतील. कुणीही भाषण करायचं नाही. माझ्यासारख्या अनेकजणी "मला चित्र येत नाही" म्हणतच नोकरीला लागल्या आहेत. आपल्या हाताने एक स्वच्छ ठसा उमटला की वर्गात तास घ्यायची भीती जाते, हे मी स्वतःवरून सांगते.

मुख्याध्यापकांकडे मागणं अगदी छोटं आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावाल तेव्हा आठवड्यातले चित्रकलेचे दोन तास वेगवेगळ्या दिवशी न टाकता शेजारी-शेजारी टाका. दुपारचे शेवटचे दोन ठेवलेत तर आवरायला सुटीची वेळही वापरता येते. शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी ते मागितले गेले, तर नाही म्हणा. वऱ्हांड्याचा एक कोपरा डाग पडायला मोकळा द्या. आणि वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवाल तेव्हा प्रत्येक मुलाचं एक काम लावा, त्याने स्वतः निवडलेलं, मग ते फसलेलं का असेना.

बादली, फडकी आणि जुनी वर्तमानपत्रं आम्ही घरून आणू.

कळावे.

आपली नम्र,
सहावीची एक वर्गशिक्षिका